फलकावरचे नाना

शाळेचा मोठा जिना चढून पहिल्या मजल्यावर आलं की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर सागवानी चौकटीतला एक काळा फलक होता. तो आठवत नाही असं आपल्या बॅचमध्ये कोणी असेल असं मला वाटत नाही, कारण उशिरा येणाऱ्यांना त्याच्याच खाली ओळीने उभं करत. मी ठाकूरद्वारहून चालत यायचे, तरीही आठवड्यातून दोनदा उशीर व्हायचा. त्यामुळे तो फलक माझा पाठ झाला होता. पांढऱ्या रंगात वर्ष, पुढे नाव आणि शेवटच्या रकान्यात जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती. वरची नावं वळणदार अक्षरातली, खालची जरा घाईची. मधे कधीतरी पेंटर बदलला असणार.

आठवीपर्यंत माझी समजूत अशी की जगन्नाथ आणि शंकरशेट हे दोन भाऊ असावेत. घरचा पत्ता लिहिताना मी जे. एस. एस. रोड असं लिहायचे आणि ती तीन अक्षरं कशाची हा प्रश्न मला कधी पडला नाही. मामाकडे जाताना बस नाना चौकात थांबायची. रस्ता, चौक आणि शिष्यवृत्ती ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे कळलं ते संस्कृतच्या बाईंनी वर्गात विचारल्यावर. उत्तर कोणालाच आलं नाही. बाईंनी कपाळाला हात लावला आणि तो अख्खा तास सुभाषितं बाजूला ठेवून त्या नानांबद्दल बोलल्या. त्यातलं मला फारसं आठवत नाही. एवढंच लक्षात राहिलं की हा माणूस आपल्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहत होता.

१९९६ साली आपल्यातल्या दोघी त्या शिष्यवृत्तीच्या शर्यतीत होत्या. मी त्यातली एक. दोघींनाही मिळाली नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने गिरगावातल्या एखाद्या जुन्या माणसावर लिही म्हणून सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा तो फलक आठवला. म्हटलं, तीस वर्षांनी का होईना, बाईंच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकावं.

नानांचं घराण्याचं आडनाव मुरकुटे. जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा. दैवज्ञ ब्राह्मणांचं हे व्यापारी घराणं अठराव्या शतकात मुंबईत येऊन स्थिरावलं. कोटातल्या गनबाव स्ट्रीटचं, म्हणजे आजच्या रुस्तम सिधवा मार्गाचं नाव याच घराण्यातल्या गणबाशेट यांच्यावरून पडलं, असं मुंबईच्या रस्त्यांची नावं धुंडाळणारे सांगतात. गणबाचं गनबाव इंग्रजांच्या तोंडी झालं. वडील शंकरशेट, आई भवानीबाई. नाना चौकाजवळचं भवानीशंकर मंदिर या घराण्याचं, आणि ही दोन नावं कळल्यावर त्या देवळाच्या नावाकडेही जरा वेगळं बघितलं जातं.

घरी पैसा भरपूर. इंग्रजी शिकवायला शिक्षक घरी येत. नाना एकोणीस वर्षांचे असताना, १८२२ मध्ये वडील गेले आणि एवढी मोठी पेढी, जमीनजुमला आणि घरदार त्यांच्या अंगावर पडलं. त्या वयात आपण इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या रांगेत उभे होतो.

त्याच वर्षी मुंबईत एतद्देशीय मुलांसाठी शाळा काढायची आणि शाळांसाठी पुस्तकं तयार करायची म्हणून एक मंडळी स्थापन झाली. पुढे तिला बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणू लागले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला आधार होता. एतद्देशीय चिटणीस होते सदाशिव काशिनाथ छत्रे, बाळमित्र लिहिणारे. नाना या मंडळीत तरुणपणीच आले आणि मग शिक्षण हा त्यांचा जन्माचा धंदाच झाला म्हणा ना! फरक इतकाच की यात पैसा आत येत नव्हता, बाहेर जात होता. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन निघाले तेव्हा त्यांच्या नावाने दोन लाखांहून अधिक निधी जमला. तो जमवणाऱ्यांत नाना पुढे होते, आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टनच्या नावाची प्राध्यापकपदं व कॉलेज उभं राहिलं. बाळशास्त्री जांभेकर तिथेच शिकवू लागले. दादाभाई नौरोजी तिथे शिकले आणि तिथेच गणिताचे प्राध्यापकही झाले.

या सोसायटीचा एक चिटणीस माझ्या खास जिव्हाळ्याचा आहे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करातला इंजिनिअर. १८२३ मध्ये मुंबईत सरकारी कामांसाठी मोजणीदार आणि बांधकामावर देखरेख करणारी माणसं तयार करायला एक इंजिनिअर इन्स्टिट्यूशन निघाली. ती या जर्व्हिसच्या हाताखाली होती आणि तिथलं शिक्षण होतं मराठीत आणि गुजरातीत. अंकगणित, भूमिती, मोजणी, सगळं मराठीत. पुस्तकं नव्हती म्हणून जर्व्हिसने जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारख्या शास्त्र्यांना हाताशी धरून गणिताची इंग्रजी पुस्तकं मराठीत आणली आणि शिळाछापावर छापून घेतली.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ तशीच बसून राहिले. अकरावीत गेल्यावर पहिले पंधरा दिवस मी भौतिकशास्त्राच्या तासाला नुसती फळ्याकडे बघत होते, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्वरण म्हणजेच ॲक्सिलरेशन आणि संवेग म्हणजेच मोमेंटम हे कळेपर्यंत दोन प्रकरणं संपली होती. आपल्याला सांगितलं गेलं होतं की असले विषय मराठीत शिकवताच येत नाहीत. आणि इथे, आपल्याच शहरात, माझ्या पदवीच्या पावणेदोनशे वर्षं आधी, मराठीतून इंजिनिअर घडवायचा उद्योग चालू होता! आजच्या अर्थाने ते पदवीधर नव्हते, हाताखालचे कारभारी होते, हे खरं. पण त्रिकोणमिती त्रिकोणमितीच असते.

१८४० मध्ये सरकारने सोसायटीचं काम बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे दिलं. बोर्डावर सात जण. त्यात तिघे आपल्याकडचे: नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. नाना बोर्ड गुंडाळून सरकारी शिक्षणखातं येईपर्यंत या बोर्डावर होते. इतकी वर्षं. मला चार महिन्यांच्या प्रोजेक्टच्या आठवडी मीटिंगांचा कंटाळा येतो.

बोर्डाचे अध्यक्ष १८४३ पासून होते सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. हुशार, अभ्यासू माणूस. त्यांना खलनायक करण्यात अर्थ नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारकडे शिक्षणासाठी पैसा थोडा आहे. तो लाखो मुलांवर शिंपडला तर कोणालाच काही मिळणार नाही. त्यापेक्षा वरच्या वर्गातल्या थोड्या मुलांना उत्तम इंग्रजी शिक्षण द्यावं, म्हणजे ज्ञान त्यांच्याकडून खाली झिरपेल. शिवाय देशी भाषांत पुस्तकं कुठे आहेत? आणि इतक्या भाषांच्या या देशात सगळ्यांना जोडणारी भाषा इंग्रजीच होणार.

हे सगळं ओळखीचं वाटतं ना? माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जूनमध्ये हाच वाद जवळजवळ याच मुद्द्यांवर होतो.

१८४७ मध्ये हा वाद बोर्डात उघड पेटला. एका बाजूला पेरी आणि त्यांच्या मताचे युरोपियन सभासद. दुसऱ्या बाजूला नाना, फ्रामजी, मकबा आणि त्यांच्या जोडीला एक इंग्रज, तेच आपले जर्व्हिस, आता कर्नल झालेले. नानांनी आपलं मत लेखी नोंदवलं. त्याचा सारांश माझ्या शब्दांत असा. ज्ञान जर लोकांपर्यंत पोचवायचं असेल, मूठभरांपर्यंत नव्हे, तर ते लोकांच्या भाषेतूनच पोचेल. परकी भाषा शिकण्यातच मुलाची कोवळी वर्षं खर्ची पडली तर विषय शिकायला तो कधी लागणार? शाळेत मधेच शिकणं सोडणारा मुलगा अर्धवट इंग्रजी घेऊन बाहेर पडतो, ती त्याच्या कामाला येत नाही आणि स्वतःच्या भाषेतलं ज्ञानही त्याच्याजवळ नसतं. पुस्तकं नाहीत हे मराठीतून न शिकवण्याचं कारण होऊ शकत नाही. पुस्तकं नाहीत म्हणून ती तयार करायची असतात. आणि ज्यांना सवड आहे, साधन आहे, त्यांनी इंग्रजी जरूर शिकावं, चांगलं शिकावं.

हे शेवटचं वाक्य विसरून चालणार नाही. नानांना इंग्रजीचा तिटकारा नव्हता. ते स्वतः उत्तम इंग्रजी बोलत-लिहीत. एल्फिन्स्टनच्या इंग्रजी शिक्षणासाठी पैसे जमवणारे हेच. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, तिथे शिक्षण इंग्रजीत होतं आणि त्याच्या मागे उभं राहणाऱ्यांतही हेच. म्हणजे त्यांचा आग्रह हे नको, ते हवं असा नव्हता. पाया कशाचा असावा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आणि गव्हर्नरापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांशी ज्यांचं घरोब्याचं जाणं-येणं, त्या धनाढ्य शेटने स्वतःच्या अध्यक्षाविरुद्ध, कागदावर, सहीनिशी हे म्हणावं याला काही किंमत होती. न्यायाधीशाशी वाकडं घेऊन पेढीचं भलं होत नसतं.

निकाल काय लागला? धड कोणाच्याच बाजूने नाही. सरकारने १८४८ मध्ये दिलेल्या उत्तराचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने लावला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शेवटी ठरवलं ते असं की सर्वसाधारण लोकांना त्यांच्या भाषेत शिकवावं आणि वरचं शिक्षण इंग्रजीत द्यावं. आपण ज्या रस्त्याने आलो, दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीपासून इंग्रजी, तो या तडजोडीतून निघालेला आहे. त्वरण आणि ॲक्सिलरेशन यांच्यामधली ती दरी १८५४ मध्येच खणली गेली होती. मी तिच्यात पडले ते १९९६ मध्ये.

दुसरी गोष्ट मुलींच्या शाळेची. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई त्यात होते. या पोरांनी दुसऱ्याच वर्षी मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा सुरू करायच्या ठरवल्या. स्वतः फुकट शिकवायला तयार झाले, पण जागा कोण देणार? पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शाळा काढून वर्षच झालं होतं आणि तिथे काय सोसावं लागत होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईत मुली शिकवायला घराबाहेर पाठवणं लोकांना तितकंच अब्रह्मण्यम् वाटत होतं. नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली आणि शाळेला पैशाची नेमणूक करून दिली.

मला यातली खुबी जागेत दिसते. नाना काही जोतीरावांसारखे जातिव्यवस्थेवर तुटून पडणारे नव्हते. देवळं बांधणारं, कुळाचार पाळणारं घर ते. सतीबंदीच्या बाजूने ते होते, पण सोनापूरचं स्मशान तिथून हलवायचं घाटत होतं तेव्हा लोकांच्या भावनांसाठी सरकारशी भांडणारेही तेच. अशा माणसाच्या वाड्यात मुली धुळाक्षरं गिरवायला जाऊ लागल्या तेव्हा टीका करणाऱ्याला जरा विचार करावा लागला. शंकरशेटच्या घरी जाण्याला वाईट म्हणायचं तरी कसं? आपल्या वर्गात आपण बावीस मुली होतो. तेव्हाच्या गिरगावात पहिल्या दिवशी पाटी घेऊन निघालेली मुलगी कोण असेल, तिला रस्त्यात कोण काय बोललं असेल, तिचं नाव कुठल्याच फलकावर नाही.

रेल्वेचं मी थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माहीत आहे. निदान दर १६ एप्रिलला ते फिरत असतं. घाटावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून बंदराला यायला लागणारा वेळ आणि होणारी नासाडी मुंबईच्या व्यापाऱ्यांना दिसत होती. १८४० च्या दशकात रेल्वेची बोलणी सुरू झाली तेव्हा मुंबईतल्या समितीत जमशेटजी जीजीभॉय आणि नाना होते. विलायतेतलं भांडवल, कंपनी सरकारची हमी, पार्लमेंटचा कायदा असं करत १ ऑगस्ट १८४९ ला जीआयपी रेल्वे कायदेशीर अस्तित्वात आली. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, ३४ किलोमीटर. पाहुण्यांत नाना होतेच. आपण सगळे गेली तीस वर्षं लोकलमध्ये जो वेळ घालवला त्याची सुरुवात तिथली.

त्याआधीच्या वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये मुंबईकरांची एक सभा नानांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि बाँबे असोसिएशन स्थापन झाली. कंपनीची सनद पुन्हा पार्लमेंटसमोर येणार होती, तेव्हा इथल्या लोकांचं गाऱ्हाणं अर्ज करून थेट तिथे पोचवायचं होतं. डॉ. भाऊ दाजी आणि नानांचे चिरंजीव विनायकराव हे चिटणीस. काँग्रेस निघायच्या तेहतीस वर्षं आधीची ही गोष्ट. मराठी नाटकाचंही असंच. ग्रँट रोडचं नाटकघर १८४६ मध्ये उभं राहिलं ते नानांनी दिलेल्या जागेवर, आणि १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांची मंडळी सांगलीकडून मुंबईत आली तेव्हा त्यांचे खेळ या थिएटरातही झाले.

आणि मग १८५७ आलं. उत्तरेत उठाव झाला आणि मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली. पोलिसांचा कारभार चार्ल्स फोर्जेटकडे होता. वेषांतर करून बाजारात, देवळांत फिरणारा, इथल्या भाषा बोलणारा अधिकारी. संशय नानांवर आला. बंडवाल्यांशी त्यांचं संधान आहे, अशी कुजबूज सुरू झाली. विचार करा. पस्तीस वर्षं ज्यांच्या समित्यांवर बसले, ज्यांच्या गव्हर्नरांची स्मारकं उभारायला पैसे दिले, त्यांनीच घरावर नजर ठेवली. चौकशी झाली, काही निघालं नाही, नाना निर्दोष ठरले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच्या पहिल्या फेलोंच्या यादीत नानांचं नाव होतं. पुढे १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर जे पहिले हिंदी सभासद नेमले गेले त्यांतही ते होते. एकाच सरकारने संशयही घ्यायचा आणि खुर्चीही द्यायची. चौकशी झालेल्या माणसाला त्यानंतर समितीच्या टेबलाशी बसताना काय वाटत असेल, ते मला सांगता येणार नाही. ते बसले, एवढं नोंदलेलं आहे.

शेवटच्या वर्षांत त्यांचं लक्ष राणीच्या बागेकडे आणि तिच्या शेजारच्या म्युझियमकडे होतं. म्युझियमसाठी डॉ. भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर त्यांनी वर्गणी जमवली. पायाचा दगड १८६२ मध्ये बसला. इमारत लोकांना खुली झाली १८७२ मध्ये. ती पाहायला नाना नव्हते. त्या काळात मुंबईला वेड लागलं होतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव आभाळाला भिडले होते, बॅकबेच्या शेअरवर लोक घरदार लावत होते. युद्ध संपलं, १ जुलै १८६५ ला सौद्यांचा निकाल व्हायचा दिवस आला आणि सगळं कोसळलं. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीला, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना वारले. वय बासष्ट.

त्यांच्यानंतरची एक गंमत, किंवा गंमत नव्हेच. ज्या विद्यापीठाचे ते पहिले फेलो, त्याने १८६० च्याच दशकात उच्च परीक्षांतून मराठी बाहेर काढली आणि संस्कृतसारख्या अभिजात भाषांना जागा दिली. मराठी परत आणायला न्यायमूर्ती रानड्यांना पुढे कितीतरी वर्षं झगडावं लागलं. आणि नानांच्या नावाने मॅट्रिकला जी शिष्यवृत्ती सुरू झाली ती संस्कृतची. १९१२ मध्ये ती पहिल्या क्रमांकाने मिळवली चिंतामणराव देशमुखांनी, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मग देशाचे अर्थमंत्री झाले. नाना संस्कृताचे चाहते होते, त्यांना ती आवडलीच असती. पण ज्या भाषेसाठी त्यांनी बोर्डात भांडण घेतलं तिच्या नावाने काही असतं तर, असं मला आपलं वाटून जातं.

मागच्या महिन्यात पुण्याहून मुद्दाम आले होते. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिकमध्ये गेले. तिथे एल्फिन्स्टन, माल्कम, फ्रियर यांच्या पुतळ्यांबरोबर नानांचा संगमरवरी पुतळा आहे. जमशेटजींचाही आहे. पेरींशी वाद झाला तेव्हा नानांच्या शेजारी बसलेला जर्व्हिस मला तिथे कुठे दिसला नाही. तिथून मेट्रोने आले. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकालाही आता जगन्नाथ शंकरशेट हेच नाव आहे. मी मात्र अलीकडे, गिरगावलाच उतरले आणि शाळेत गेले.

आपण होतो तेव्हा एका इयत्तेला चार तुकड्या होत्या. आता मराठीची एक आहे आणि तीही भरत नाही. मला ऑफिसातल्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी मान हलवली, अरेरे म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुमची मुलगी कुठल्या शाळेत? मी खरं ते सांगितलं. ती इंग्रजी माध्यमात आहे. पहिल्या दिवसापासून. अकरावीतले ते पंधरा दिवस तिच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून मी आणि नवऱ्याने फारसा विचार न करता ते ठरवलं. आता ती आठवीत आहे आणि आजीशी मराठी बोलताना वाक्याच्या मध्यावर थांबून शब्द शोधते. पेरींचे मुद्दे मी घरात अमलात आणले आणि लेख मात्र नानांवर लिहिते आहे, हे मला दिसतं. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चहा मागवला.

चहा पिऊन वर गेले. जिना तोच, मुख्याध्यापकांची खोली तीच, पण फलक तिथे नव्हता. काही वर्षांपूर्वी इमारतीची डागडुजी आणि रंगकाम झालं तेव्हा तो उतरवला होता, एवढंच तिथल्या शिपाईमामांना माहीत होतं. आम्ही दोघांनी गच्चीखालची अडगळीची खोली आणि जुनी प्रयोगशाळा पाहिली. बाकांचे पाय सापडले, एक मोडका पृथ्वीचा गोल सापडला, फलक नाही सापडला. आपल्यापैकी कोणाला तो कुठे गेला ते माहीत असेल, किंवा निरोप समारंभाच्या फोटोत कोणाच्या पाठीमागे तो आला असेल, तर मला कळवा. नावं वाचता आली पाहिजेत. रंगवून घेण्याचा खर्च मी करते, पेंटरशी बोलून ठेवलं आहे.